हिरवं नरसाळं

१८ ऑगस्ट २०२५

लग्नानंतरचा दुसरा उन्हाळा असावा. गॅसचा नंबर लागायचा होता, स्वयंपाक स्टोव्हवर चालायचा. एका दुपारी रॉकेलचं नरसाळं सापडेना. मीच कुठेतरी ठेवलं होतं आणि राग मात्र डब्यांवर काढत होते. ढुंढिराज आले, त्यांनी कॅन उचलला आणि स्टोव्हच्या बोटभर तोंडात धार सोडली. दोऱ्यासारखी बारीक, सरळ. उजव्या हातात कॅन आणि डावा हात उजव्या कोपराला लावलेला.

"अहो, स्टोव्हला तीर्थ देताय का?" मी विचारलं.

"देताना हात लावायचा. स्टोव्ह काय नि यजमान काय."

एक थेंब सांडला नाही. आम्ही हसलो, मग मी पोहे केले. एवढीच गोष्ट. सांगण्यासारखं त्यात काही नाही, म्हणूनच इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही.

आज त्यांनी माझ्यासाठी चहा आणला. निम्मा बशीत, थोडा माझ्या नोट्सवर. "बशीतला आधी पी, तो निवलाय," म्हणाले. मी हसले नाही. हसायला हवं होतं.

तोंडाने मी त्यांना अहो म्हणते, वहीत नाव लिहिते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीचं एवढंच बंड पंचवटीतल्या उपाध्यांच्या घरात टिकलं. इंजिनीअर झाले, मुंबईला एम.टेक.ला नंबर लागला होता, तेव्हा मामंजी म्हणाले, "शिकून काय गंगेवर बसणार आहेस?" गंगा म्हणजे आमची गोदावरी, घरातले पुरुष तिच्या घाटावर यजमानांचे विधी करायला बसतात. मग अंबडच्या कारखान्यात कंट्रोल पॅनेल तपासत नोकरी केली. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि पीजी-सीईटी दिली. बायोमेडिकल इंजिनीअरिंग, एम.टेक. आता दुसरं वर्ष, म्हणजे प्रोजेक्टचं.

प्रोजेक्ट काय घ्यायचा हे मला शोधावं लागलं नाही. तो रोज समोर बसून चहा सांडतो.

३ सप्टेंबर

वर्गात मला अजूनही कुणी "मॅडम, अटेंडन्स घ्या ना" म्हणतं. मुद्दाम म्हणतात. पहिल्या वर्षी वाईट वाटायचं, आता उत्तर देते, "घेते, तुझाच गैरहजर लावते." फक्त ओवी माझ्या शेजारी बसते. तेवीस वर्षांची, केस निळसर रंगवलेले, मला मावशी म्हणते. प्रोग्रॅमिंग ती मला शिकवते, सोल्डरिंग मी तिला. तिचा हात वाऱ्यासारखा चालतो आणि जोड सुटतो.

गाइड देवव्रत सर. मला मूल असतं तर त्यांच्याच वयाचं असतं. त्यांना सर म्हणताना जीभ अडखळत नाही. कारखान्यात त्यांच्याहून लहान साहेबांना सर म्हटलंय.

आज ढुंढिराजांना लॅबमध्ये नेऊन मूळ कंप मोजला. पार्किन्सन नव्हे, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. हात मांडीवर असला की शांत, काही करायला उचलला की थरथर. दोन्ही हातांना तारांचे सेन्सर बांधले. डावा टेबलावर ठेवायला लावला, तारा ओढल्या जायला नकोत म्हणून. उजव्या हाताने पळीतून ताम्हनात पाणी घालायचं. पळीतलं पाणी ताम्हनात कमी आणि सरांच्या बुटांवर जास्त.

"सर, तुम्हाला गंगास्नान घडलं," ढुंढिराज म्हणाले. ओवी खो खो हसली. मी स्क्रीनकडे पाहत होते. तिथे त्यांचा हात डोंगररांगेसारखा दिसत होता.

माझा पट्टा मनगटाला बांधायचा. आत दोन छोट्या मोटारी. हात एका बाजूला निघाला की त्या त्याला दुसऱ्या बाजूला रेटणार. कागदावर सगळं जुळतंय.

१५ सप्टेंबर

पितृपक्ष. गंगेवर पाय ठेवायला जागा नाही. चांदवडचे कांद्याचे व्यापारी आले होते, तीन पिढ्यांचे आमचे यजमान. संकल्पाला त्यांच्या तळहातावर पळीभर पाणी घालायचं, तर ते त्यांच्या बाहीवर. दुसऱ्यांदा फोनवर. दर्भ द्यायला डावा हात गुंतलेला. ते चांगले आहेत, बाही पिळली, फोन पुसला. उठताना फक्त विश्वेशकडे वळून म्हणाले, "पुढच्या वर्षी तुम्हीच बसा ना. गुरुजींना त्रास नको."

विश्वेश म्हणजे दिरांचा मुलगा. आम्हाला मूल नाही, म्हणून ढुंढिराजांची जागा आणि त्यांचे यजमान पुढे त्याचेच. पण पुढे म्हणजे पुढे. सिंहस्थ तोंडावर आलाय. बारा वर्षांनी येणारा, आणि ढुंढिराजांच्या उभ्या जन्मात बसून करण्यासारखा बहुधा हा शेवटचा. त्यात त्यांनी मागे उभं राहून पिशव्या सांभाळायच्या?

संध्याकाळी विश्वेश घरी आला. चप्पल काढता काढताच म्हणाला, "काकू, काका म्हणत होते की..."

"काकांना काय म्हणायचंय ते मला म्हणतील," मी म्हटलं. "तुला एवढी घाई कसली? पट्टा होऊ दे माझा."

तो चहा न घेता गेला. त्याला राग आला असेल तर येऊ दे.

२ डिसेंबर

झालं. खरंच झालं.

पट्ट्याला तारा नाहीत, म्हणून लॅबमध्ये न नेता घरीच देवासमोर चाचणी घेतली. पाटावर बसवलं, म्हटलं, "नेहमीसारखं करा, जसं गंगेवर करता." ओवीने मोबाइलवर व्हिडिओ घेतला. ढुंढिराजांनी पळी भरली. डावा हात आपोआप कोपराला गेला. किती वर्षांनी ती त्यांची जुनी बैठक पाहिली! आणि पाणी सरळ ताम्हनात पडलं. पुन्हा. पुन्हा. लॅपटॉपवरचे डोंगर बसले, माळरान झालं.

मी ओवीच्या गळ्यात पडून रडले. या वयात, कुणी पाहिलं तर काय म्हणेल असं. ढुंढिराज पळी हातात धरून माझ्याकडे बघत होते.

"एवढं रडायला काय झालं?" म्हणाले. "हात माझा आहे."

मामंजींच्या फोटोकडे पाहून मी मनात म्हटलं, बघा, शिकून काय करणार होते ते.

१९ डिसेंबर

चाचणीला घेतलेल्या बाकीच्या चौघांवर पट्टा चालत नाही. साळूबाई तर वैतागली. ती गंगेवर फुलं विकते, हात तिचाही असाच थरथरतो.

"ताई, हे घड्याळ लय जड हाय. हात बी हलतोय आन घड्याळ बी हलतंय. दोगं मिळून नाचत्यात."

"दोन दिवस घालून बघा हो साळूबाई."

"घालते. पण मोगऱ्यात गुतलं तर गजऱ्याचं नुकसान तुमच्याकडं."

देवव्रत सर म्हणाले, काळजी करू नका मॅडम, प्रत्येकाचा कंप वेगळा. पट्टा तुमच्या मिस्टरांसाठी जुळवलाय, त्यांच्यावर चालतोय, ते मुख्य. एकाच रुग्णाचा सविस्तर अभ्यास म्हणून पेपर लिहू.

एकाच रुग्णाचा. ठीक आहे. मला तरी दुसरा कोण बरा करायचा होता?

११ जानेवारी २०२६

डाळीच्या डब्यामागे एक नरसाळं सापडलं. प्लास्टिकचं, हिरवं, नवं. तेल लागून चिकट झालंय. मी आणलेलं नाही. कामाला येणाऱ्या छायाला विचारलं, ती म्हणाली, "मी कशाला आणू वहिनी?" खोटं बोलते. बुधल्यातलं तेल सांडवते आणि मग असल्या वस्तू आणून लपवते. मी परत तिथेच ठेवून दिलं. उगाच वाद नको.

विश्वेश आज पुन्हा टोचून गेला. "काकू, काका पट्टा तुम्ही घरी असलात तरच घालतात. फाटक वाजलं की चढवतात."

"चार्जिंग वाचवतात," मी म्हटलं. "माझ्याइतकी काळजी त्यांनाही आहे त्याची. तुझी मात्र तळमळ कळतेय मला."

"काकू, तुम्ही ना..." म्हणाला आणि थांबला. आजकालच्या मुलांना वाक्य पूर्ण करता येत नाही.

६ फेब्रुवारी

पेपर एका परिषदेत स्वीकारला गेला. सरांचं नाव आधी, माझं नंतर. असू दे. ढुंढिराजांना सांगितलं तर त्यांनी देवापुढची साखर माझ्या हातावर ठेवली. थोडी खाली सांडली. "पट्टा कुठाय?" मी ओरडलेच. "आत्ताच काढला, अंघोळीला," म्हणाले. अंघोळ सकाळीच झाली होती. म्हातारपणी विसरायला होतं.

मग म्हणाले, "तुझं कधी संपणार गं हे? डिग्री?"

"कंटाळलात?"

"छे. तुझं नीट होऊ दे. मग बघू."

१ मार्च

आज दीर, विश्वेश, सगळे जमले. सिंहस्थात कोण बसणार ते ठरवायचं होतं. मी हट्टाने बोलावलं होतं सगळ्यांना. म्हटलं, तोंडाने नाही, डोळ्यांनी बघा. ढुंढिराज नको नको म्हणत होते, मीच पट्टा बांधला, पाटावर बसवलं. विश्वेशने हात पुढे केला. ढुंढिराजांनी पळी त्याच्या तळहातावर रिकामी केली. तळहाताबाहेर काही नाही. दीर म्हणाले, "वा वहिनी!" छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. विश्वेश मान खाली घालून म्हणाला, "काकाच बसतील. ठरलं." त्याचा पडलेला चेहरा पाहून मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

सगळे गेल्यावर पट्टा काढला. हलका लागला. उघडला. आत बॅटरी नव्हती.

शुक्रवारी ओवीने ती बदलायला म्हणून काढली होती. नवी अजून लॅबच्या ड्रॉवरमध्ये आहे. म्हणजे मोटारी फिरल्याच नाहीत. म्हणजे आज त्यांच्या मनगटाला मी एक रिकामी डबी बांधली होती.

ओवीचा डिसेंबरचा व्हिडिओ काढून पाहिला. पळीकडे पाहिलं नाही, डाव्या हाताकडे पाहिलं.

मूळ मोजमापाच्या वेळी डावा हात मी तारांनी टेबलाला खिळवला होता. पट्ट्याच्या वेळी तो मोकळा होता आणि कोपराला लागलेला होता. आधार मिळाला की हात स्थिरावतो. साधं यंत्रशास्त्र आहे, पहिल्या वर्षाचं. ओवीला तो हात दिसला असता तरी ती त्याला पूजेतला काहीतरी प्रकार समजली असती. सर तर त्यांच्या बुटांपलीकडे पाहत नाहीत. पण मी? मी तो हात पाहून डिसेंबरात इथे, याच वहीत, लाडाने लिहून ठेवलंय. गंगेवर राहणाऱ्या माणसाला घंटा ऐकू येत नाही, तसं झालं.

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बेनेडिक्टा प्रयोगवहीवर लाल शाईने लिहायच्या: जे दिसलं ते लिही, जे दिसायला हवं होतं ते नको.

२ मार्च

सकाळी विचारलं. "हात लावला की थांबतो, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

ते तुळशीला पाणी घालत होते. थांबले नाहीत.

"तू म्हणालीस, नेहमीसारखं करा. नेहमीसारखं केलं."

"मग पितृपक्षात का नाही लावला हात? चांदवडकरांच्या वेळी?"

"डाव्या हातात दर्भ, पोथीचं पान, दक्षिणेचं ताट. गंगेवर दोन हात एका पळीला कुठून आणू? घरी पळीशिवाय काम नव्हतं, म्हणून जमलं."

"तुम्ही मला फसवलंत. जागा जाऊ नये म्हणून फसवलंत!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो. तसंच समज."

तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांच्या पायावर सांडत होतं. मी पुसायला गेले नाही.

९ मार्च

लॅब. बॅटरी घातलेला पट्टा, डावा हात गुडघ्यावर. डोंगर जसेच्या तसे. पट्टा बंद, डावा हात कोपराला: माळरान. माझ्या दोन वर्षांचा निकाल एका तासात लागला.

देवव्रत सर म्हणाले, "मॅडम, हे मला का दाखवताय? थिसिस जवळजवळ लिहून झालाय. डावा हात कुठे होता, कोण विचारणार आहे?"

"मी."

"मॅडम, तुम्ही रिटायर्ड आहात. तुम्हाला डिग्री कशाला हवी, हौस म्हणून. माझं प्रमोशन आहे त्या पेपरवर."

चिडून नाही, अगदी काकुळतीला येऊन म्हणाले. हौस म्हणून. मामंजींनी निदान तोंडावर नाही म्हटलं होतं.

पेपर मागे घेतला. आयोजकांना मेल मीच केला, सरांना प्रत ठेवून. ओवी शेजारी बसली होती. "मावशी, सेंड मी दाबू का?" नको म्हटलं, मीच दाबलं.

साळूबाईचा पट्टा परत आणायला गेले. म्हटलं, "तुमचं बरोबर होतं. हे चालत नाही."

"मंग एवढं दिस घातलं त्ये?" गजरा ओवता ओवता तिने विचारलं. मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "असू द्या ताई. गिऱ्हाइकं इचारायची, काय हाय. मी सांगायची, दागिना हाय."

२२ एप्रिल

डाव्या हातालाही सुरुवात झालीय. आता कोपराला लावला तर दोन्ही हलतात. म्हणजे घरातलं तेवढं सुखही संपलं. आम्ही फारसं बोलत नाही. त्यांनी जागेसाठी मला खेळवलं, हे माझ्या मनातून जात नाही. मला वाटायचं, या घरात निदान एका माणसाने माझ्या शिक्षणाची चेष्टा केली नाही.

थिसिस नव्याने लिहिला. शीर्षकातून "उपयुक्त" शब्द काढला. निष्कर्ष: या पट्ट्याने कंप कमी होत नाही. एवढं सरळ वाक्य लिहायला मला आख्खा दिवस लागला.

२९ मे

तोंडी परीक्षा. बाहेरच्या परीक्षकांनी पानं चाळली. विचारलं, "मग यात तुमचं योगदान काय?" मी म्हटलं, "चूक कुठे होती ते सांगितलंय." ते म्हणाले, "अच्छा." सर खिडकीबाहेर पाहत होते. पास झाले. सगळ्यांत खालची श्रेणी. वर्गातल्या मुलांनी केक आणला होता, त्यावर माझं नाव नव्हतं. ओवीने चाकूच्या टोकाने लिहिलं, सुधा. ओल्या क्रीममुळे वाचता येत नव्हतं.

घरी आले तर ढुंढिराज दारात उभे. "झालं?"

"झालं."

"नीट?"

"हो," मी म्हटलं. का खोटं बोलले, माहीत नाही.

त्यांनी आत जाऊन फोन लावला. "विश्वेश, ये आता," एवढंच ऐकू आलं.

१४ जून

काल विश्वेश आला. ढुंढिराजांनी त्याला आपल्या पाटावर बसवलं, पळी त्याच्या हातात दिली. दीर नव्हते, यजमान नव्हते, कुणी नव्हतं. मला वाटलं होतं रडतील. उलट हलके झाल्यासारखे दिसले.

जाताना फाटकाशी मी विश्वेशला म्हटलं, "मिळालं ना तुला हवं ते."

त्याने उघडलेलं फाटक पुन्हा लावलं. मग म्हणाला, "काकू, काकांनी मला गेल्या भाद्रपदातच सांगितलं होतं, सिंहस्थाला तू बस. वर म्हणाले, पण काकूचं शिक्षण होईपर्यंत तोंड उघडू नकोस. तिला वाटू दे, तिचं यंत्र माझ्यासाठी लागतंय. मला तुम्हाला सांगायचं होतं त्या दिवशी. तुम्ही ऐकलंत नाही."

या वेळी त्याने वाक्य पूर्ण केलं.

मी आत आले. ढुंढिराज ओट्याशी पाठमोरे होते, बुधल्यातून तेल ओतत. मला पाहताच हातातलं काहीतरी डब्यामागे सारलं. मी पाणी पिऊन बाहेर आले.

आज आवराआवर काढली आहे. नंतर कुणाचा गोंधळ नको, म्हणून लिहून ठेवते.

पळी, पंचपात्र, मामंजींचं ताम्हन विश्वेशला. ती त्याच्याकडे गेलीच आहेत. मी मनापासून दिली, असं त्याला कुणीतरी सांगावं. मला ते तोंडाने जमणार नाही.

पट्टा ओवीला. मोटारी चांगल्या आहेत, काढून दुसऱ्या कशात घाल. जोड सुटले तर माझ्याकडे ये.

साळूबाईला माझी निळी शाल. दागिना देणं मला जमलं नाही.

थिसिसची एक प्रत देवव्रत सरांना, त्यांनी मागितली नाही तरी. नऊ मार्चच्या मोजमापाचं पान दुमडून.

उगाच संशय घेतल्याबद्दल मला छायाची माफी मागायची आहे. तिला वस्तू नको, शब्द हवा. उद्या सकाळी.

डिग्रीचा कागद येईल तेव्हा मामंजींच्या फोटोमागे ठेवावा. पुढे नको.

हिरवं नरसाळं कुणालाच द्यायचं नाही. ते मी आत्ता डाळीच्या डब्यामागून काढून, धुऊन, ओट्यावर तेलाच्या बुधल्यातच उभं करून ठेवलंय. ते तिथेच राहील.